पुष्पा मॅडमची सुली

पुष्पा मॅडमबद्दल लिहायला बसले की माझ्या पोटात अजून दुखतं, हे आधीच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना निदान गळा तरी काढता येतो. इथं तीही सोय नाही. पुष्पा मॅडम चांगल्या ठणठणीत आहेत, लोणारकडच्या एका शाळेत गणित शिकवतात, आणि माझ्याहून चांगल्या गोष्टी रचतात. यातलं शेवटचं कागदावर उतरायला मला चार वर्षं लागली.

आम्ही दोघी बुलडाण्याला राहायचो आणि धाडच्या अलीकडच्या एका शाळेत नोकरी करायचो. सकाळी सव्वानऊची एसटी, संध्याकाळी मिळेल ती. रोज अप-डाऊन करणाऱ्यांची बसमधली जागा ठरलेली असते. ड्रायव्हरच्या मागचे चार बाक आमचे. तिथं एक ग्रामसेवक, बँकेतले एक शिपाई, दोन नर्सबाई, एका खेड्यातल्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या चंद्रकलाबाई, आणि आम्ही. पुष्पा मॅडम कधीच खिडकीत बसायच्या नाहीत. "खिडकीत बसलं का वावरं दिसतेत, मानसं दिसत नाही," असं म्हणून मला आत सरकवायच्या आणि स्वतः वाटेच्या कडेला बसायच्या. ठेंगणी मूर्ती, साडीला खांद्यावर दोन पिना, उजव्या बाहीवर कालच्या खडूची भुकटी. वर्गात त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नाही. बसमध्येही आवाज बेताचाच, म्हणजे मागच्या बाकावरच्याला थोडं पुढं वाकावं लागेल इतका. ही युक्ती आहे हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या महिन्यात त्यांनी त्यांच्या मावसबहिणीची हकीकत सांगायला घेतली. मावसबहिणीची सासू फ्रिजला कुलूप लावायची. किल्ली कमरेला. एक दिवस नातवाला ताप आला, औषधाची बाटली फ्रिजमध्ये, आणि सासू किल्लीसकट कुठंतरी कीर्तनाला गेलेली. आमचा फाटा आला आणि पुष्पा मॅडम पिशवी सावरत उतरल्या. सकाळचे सगळे तास माझं वर्गात लक्ष लागेना. शेवटी मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठून विचारलं, "मग काय झालं हो तुमच्या मावसबहिणीचं?"

डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "मले मावशीच नाही, मॅडम."

मी एम.ए. मराठी. तीन लेखन-शिबिरं केलेली. दिवाळी अंकांत माझ्या चार कथा छापून आलेल्या. माझ्याकडं एक जाडजूड वही होती, तिच्यात प्रत्येक कथेचा आराखडा: बीज, संघर्ष, कलाटणी, उत्कर्षबिंदू, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. आणि ही गणिताची बाई, जिनं आयुष्यात एक ओळ छापली नाही, तिनं मला एका कुलुपात अर्धा दिवस अडकवून ठेवलं होतं. मी त्यांचं कौतुक केलं. अगदी तोंडभरून केलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या की मी नेहमी तोंडभरून कौतुक करते.

पुढं पुढं त्यांनी मला सगळं उघड करून सांगितलं. लपवण्यासारखं यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. गोष्ट मनात आली की त्या ती आधी कुणाला 'गोष्ट' म्हणून सांगायच्या नाहीत. कुणातरी नातेवाइकाचं खरंखुरं झालेलं म्हणून बसमध्ये सांगायच्या, आणि सांगता सांगता सगळ्यांच्या माना बघायच्या. "मान खिडकीकडं वळली ना मॅडम, का समजाचं, हितं पानी घातलेलं हाय. थे काढून टाकाचं." दुसऱ्या दिवशी तीच हकीकत त्या कंडक्टरला सांगायच्या, तेवढा भाग गाळून. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममधल्या शिपायांना. आठवड्याअखेरी तिच्यात एक शब्द जास्तीचा राहायचा नाही.

त्यांची एक चौकटीची वही होती, पोरांची असते तसली, गणिताची. एका प्रसंगाला एक चौकट. चौकटीत फक्त एवढंच: कोन आलं, काय मांगाले आलं, जातांना काय घेऊन गेलं. बस्स. मी म्हटलं, "एवढ्यानं भागतं?" तर म्हणाल्या, "मोकळ्या हातानं कोनी गोष्टीतून जाऊ नाही. आपल्या घरून पाव्हना तसा जाते का?" कधी कधी शेवटचा रकाना मोकळाच असायचा. तेव्हा तो प्रसंग त्या बसमध्ये सांगायच्याच नाहीत. वातावरणनिर्मिती, आकाश, पाखरं, वारा यांना त्या वहीत जागाच नव्हती. प्रसंगाची लांबी त्या फाट्यांवर मोजायच्या. दोन फाट्यांच्या मधात एक प्रसंग संपला पाहिजे, कारण फाट्यावर चढ-उतर होते आणि बोलणं तुटतं. त्यामुळं त्यांच्या प्रसंगात माणूस दारातून येताना, चपला काढताना, खुर्ची ओढताना कधी दिसायचा नाही. तो आलेलाच असायचा आणि तोंड उघडलेलं असायचं.

हे कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं. एखाद्या पुस्तकाचं नाव निघेल, ते मी मागवीन, असा माझा डाव. तर त्यांनी आईचं नाव घेतलं. त्यांची आई जानेफळकडं लोकांच्या वावरात निंदायला जायची. बायका रांगेनं बसून एकेक पात, म्हणजे पिकाची ओळ, धरायच्या आणि यांची आई गोष्ट सांगायची. "पन मुकादम बोंबलाचा ना. गोष्ट चांगली झाली का बायांचे हात थांबाचे. मंग मायनं अशी सांगाची रीत धरली का कान हिकडं आन् हात तिकडं. लय रंगली का हात थांबते, फिकी झाली का बाया आपसात बोलतेत. त्याच्या मधात ठेवाची." मी शिबिरात तीन दिवस 'कथनाची लय' या विषयावर टिपणं घेतली होती. ती टिपणं मी घरी जाऊन काढली, वाचली आणि परत ठेवून दिली.

त्यांना माझी कथा वाचायला द्यायची चूक मी एकदाच केली. ती कथा मला फार आवडायची. एका घरात वाटणीवरून दोन भावांचं भांडण होतं, त्याची. पुष्पा मॅडमनी दोन दिवसांनी बसमध्ये कागद परत दिले.

"चांगलं हाय, मॅडम. भाषा तं लयच चांगली हाय."

"पण?" मी म्हटलं. कारण तो 'पण' त्यांच्या चेहऱ्यावर बसलेलाच होता.

"ह्या घरात कोनालेच काम नाही काय? सारे नुसते उभे राहून बोलून राह्यले. आन् दुसऱ्या पानावर आत्या बाजेवर बसल्या. मंग एवढं मोठं भांडन झालं, एकानं दुसऱ्याची गचांडी धरली, कथा सरली. आत्या काही उठल्या नाही. बहिऱ्या हायेत का त्या?"

मागच्या बाकावरच्या नर्सबाई फिसकन हसल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले. आत्याला मी खरोखर विसरले होते. घरी जाऊन मी आत्यालाच काढून टाकलं, बाजेसकट. पुष्पा मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हळहळल्या. "काढाले नाही पाह्यजे होतं. भांडनात जो बोलत नाही ना, त्यालेच सारं माहीत असते. आत्याले फक्त एक वाक्य द्याले पाह्यजे होतं, शेवटी." मला तेव्हाच कळलं की हे खरं आहे. कथा मी आत्याशिवायच पाठवली. ती छापून आली. कुणी त्याबद्दल मला एक शब्द विचारला नाही. आणि अंक हातात धरून मी काय विचार करत होते, तर आत्या शेवटी काय म्हणाली असती.

मला पैसा नको होता, पुरस्कारही नसता मिळाला तरी चाललं असतं. मला हवं होतं ते एवढंच, की एकदा, फक्त एकदा, एखाद्यानं माझ्या माणसाची चौकशी करावी. पुष्पा मॅडमच्या माणसांची रोज व्हायची. बस थांब्यावर यायच्या आधी चंद्रकलाबाई मला विचारायच्या, "मॅडम आल्या नाही का अजून? थ्या फ्रिजवालीचं काय झालं?" म्हणजे मी उभी आहे, सगुण साकार, हातात डबा घेऊन, आणि विचारपूस जी जन्मालाच आली नाही तिची.

मग सुली आली.

सुली म्हणजे पुष्पा मॅडमच्या नणंदेची पुतणी. बी.एस्सी. झालेली, सडपातळ, हट्टी. पहिले दोन दिवस तिला नाव नव्हतं, नुसती 'आमच्या नंदीची पुतनी' होती. नाव त्या तिसऱ्या दिवसाआधी द्यायच्याच नाहीत. तोवर माणूस टिकतो का ते बघायच्या. सुली टिकली. तिला बघायला पुण्याहून एक इंजिनिअर मुलगा आला. गाडी, फ्लॅट, सगळं. पोहे झाले. मुलानं पाणी मागितलं, पिऊन ग्लास जिथं बसला होता तिथंच जमिनीवर ठेवला आणि उठून गेला. जाताना त्याच्याच पायानं तो कलंडला. त्यानं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. पाहुणे गेल्यावर सुलीनं ग्लास उचलला आणि आईला म्हणाली, "नाही." आई कपाळ बडवायला लागली, असला मुलगा परत मिळेल का म्हणून. तर सुली म्हणाली, "मले वावरातला मानूस चालीन, माय. पन सोताचा ग्लास उचलनारा पाह्यजे."

 कंडक्टर तिकिटाची मशीन हातात धरून उभाच. नर्सबाई म्हणाल्या, "बरोबर बोलली पोरगी." ग्रामसेवक म्हणाले, "बोलाले सोपं हाय." आणि दोन फाट्यांपर्यंत त्या दोघांचं भांडण चाललं. पुष्पा मॅडम गप्प बसून दोघांच्या तोंडाकडं बघत होत्या. मीही बघत होते, पण मी त्यांच्याकडं बघत होते, आणि माझ्या मनात जे होतं त्याला हेव्याशिवाय दुसरं नाव नाही.

 चार दिवसांनी चंद्रकलाबाई चढल्या त्या एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन. आत छापलेला बायोडाटा, कोपऱ्यात गणपती, आणि एक फोटो. त्यांच्या बहिणीचा मुलगा, गजानन. लहानपणापासून त्यांच्याकडंच वाढलेला. पाच एकर, विहीर, सोयाबीन आणि तूर. वय चौतीस. चेहरा चांगला, फोटोत अवघडलेला.

"मॅडम, तुमच्या सुलीले सांगून पाहा ना बापा," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली पोरी पाहून राह्यलो. शेतकरी म्हटलं का पोरगी तोंड नाही दाखवत. आमचा गजू सोताचं ताट सोता धुते. ग्लासाचं काय घेऊन बसल्या. मी त्याले सुलीचं सांगितलं तं त्यानं दुसऱ्या दिवशी दाढी केली."

आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगायला नको. तिशी उलटलेली, चांगली, निर्व्यसनी पोरं गावोगाव बसून आहेत, आणि नोकरीवाला नाही म्हटलं की स्थळ दारातूनच परत फिरतं. त्यामुळं बसमध्ये कुणी हसलं नाही. पुष्पा मॅडमनी फाइल घेतली. मी बघत होते, आता त्या काय करतात. त्या म्हणाल्या, "इचारून सांगते, बाई."

स्टाफरूममध्ये त्यांनी ती फाइल दोनदा उघडली, दोनदा मिटली. इतकी वर्षं त्या लोकांच्या माना बघून गोष्टी बेतत होत्या, पण कुणी गोष्टीत सोयरीक घेऊन येईल, याचा हिशेब त्यांच्या वहीत कुठंच नव्हता. "सांगितलं तं सुली मरते आन् चंद्रकलाबाईची शोभा होते. नाही सांगितलं तं त्या पोराची आस लागते. काय करू, मॅडम?"

मी म्हटलं, खरं सांगून टाका. सल्ला चांगलाच होता. पण मी तो चांगल्या मनानं दिला नव्हता.

त्यांनी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी मला चौकटीची वही दाखवली. सुलीचं लग्न जमवून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बुधवारी सांगायचं की खामगावच्या एका मास्तरचं स्थळ आलंय. शुक्रवारी सांगायचं, पसंती झाली, सुपारी फुटली. गुरुवार मोकळा. गुरुवारी त्यांचं बुलडाण्याला प्रशिक्षण होतंच. "एका दमात जमोलं तं चंद्रकलाबाईले समजीन का हे आपल्याले टाळासाठी हाय. मधात एक दिवस काहीच व्हाले नको. मानूस आपल्या मनानं समजून घेते तेवढ्यात. दुखते, पन अपमान नाही वाटत." आणि फाइल परत देताना म्हणायचं वाक्यसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'सुली म्हने, असा मानूस आधी आला असता तं मी थांबली असती.'

मी ते वाक्य वाचलं. कुणाला नकार देताना त्याची पत अशी राखता येते, हे मला कोणत्याही शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बुधवार त्यांनी ठरवल्यासारखा पार पाडला. खामगावचा मास्तर आला. चंद्रकलाबाईंचा चेहरा उतरला, पण त्या म्हणाल्या, "पाहाले आलं म्हंजे जमलं थोडंच."

गुरुवारी वाटेच्या कडेच्या जागेवर मी बसले. माझ्या शेजारी चंद्रकलाबाई आल्या. बस सुटल्यावर थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, तुमी तं त्यांच्या घरी जाता. सुलीले पाह्यलं असन ना? कशी हाय दिसाले?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं. उलट आनंदच झाला होता. शेवटी मलाही कुणीतरी विचारलं होतं. सुली माझ्याकडं चालून आली होती. मी सावरून बसले आणि सांगायला लागले. सावळी, टपोरे डोळे, लांब वेणी, चालताना एक प्रकारची लगबग, बोलताना ओठांच्या कोपऱ्यात लपलेलं हसू. माझ्या वहीतलं होतं नव्हतं ते सगळं मी तिला घातलं. मागच्या बाकावरच्या नर्सबाईही ऐकत होत्या. मी तिच्या घराचं वर्णन सुरू केलं, दारातला पारिजातक, आणि तेवढ्यात चंद्रकलाबाईंची मान खिडकीकडं वळली.

नर्सबाईंनी मोबाइल काढला.

त्या बाईला त्या पोरीची एवढी ओढ होती, तिच्या घरातलं सुख त्या पोरीवर अवलंबून होतं, आणि तरी माझ्या तोंडून तिला ती ऐकवेना. मी बोलता बोलता थांबले. कुणी विचारलं नाही, का थांबलात म्हणून.

मग मी म्हणाले, "चंद्रकलाबाई, खरं सांगू का, सुली नावाची कुणी नाहीच. पुष्पा मॅडमनी रचलंय ते सगळं. तुमच्याशी खोटं बोलणं मला बरं वाटेना."

त्यांची मान खिडकीकडून माझ्याकडं वळली. आता मात्र त्या माझा एकेक शब्द ऐकत होत्या.

"फ्रिजवाली?" त्यांनी विचारलं.

"तीही नाही."

 त्यांचा फाटा आला, उतरल्या. फाटक्या छत्रीवाला एक म्हातारा चढला आणि त्यांच्या जागेवर बसला. शाळेपर्यंत मी स्वतःला समजावत होते की खरं बोलण्यात काय वाईट आहे. पटत होतं, असंही नाही.

शुक्रवारी पुष्पा मॅडम तयारीनं आल्या. साडीसुद्धा जरा बरी नेसल्या होत्या. "काल आमच्या नंदीचा फोन आला होता," त्यांनी सुरुवात केली. बाकावरच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. चंद्रकलाबाई पुढं, ड्रायव्हरजवळच्या एकट्या बाकावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. पुष्पा मॅडम आणखी एक वाक्य बोलल्या आणि थांबल्या. माना वाचायची एवढ्या वर्षांची सवय होती, त्यांना तिसऱ्या वाक्याची गरज पडली नाही. पिशवीतली ती प्लॅस्टिकची फाइल त्यांनी बाहेर काढली, आणि चंद्रकलाबाईंच्या फाट्यावर त्यांच्या मागोमाग त्याही उतरल्या. त्या दिवशी शाळेत त्या तिसऱ्या तासाला पोचल्या आणि हजेरीवर उशिराची सही केली. कुठं गेला होता, असं मी विचारलं नाही.

तिथं काय झालं, ते मला कितीतरी महिन्यांनी चंद्रकलाबाईंनीच सांगितलं. अंगणवाडीच्या गावातच गजाननचं वावर आणि घर. पुष्पा मॅडम तिथल्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. गजानन गोठ्यातून आला तेव्हा त्यांनी फाइल त्याच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, "दादा, सुली नाही. मी बनोली होती. माफ करजा." तयार केलेलं वाक्य त्यांनी वापरलं नाही.

गजाननानं फाइलला लागलेला शेणाचा डाग बाहीनं पुसला. मग त्यानं विचारलं, "वावरातला मानूस चालीन म्हने ती. थे कोनाचं पाहून बनोलं?"

"कोनाचंच नाही," पुष्पा मॅडम म्हणाल्या. "मनानं."

"हाव," तो म्हणाला, आणि फाइल घरात ठेवून परत गोठ्यात गेला. चहा ठेवला होता तो पुष्पा मॅडमनी उभ्यानंच घेतला, आणि कप स्वतः विसळून ठेवला.

"राग आला होता मले," चंद्रकलाबाई मला म्हणाल्या, "पन मॅडम आल्यावर निघून गेला. खोटी होती तं होती. लेकरू आठ दिवस खुशीत होतं." आणि मग एकदम, "थ्या खामगावच्या मास्तरचं पुढं काय झालं असतं हो?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

पुष्पा मॅडम मात्र त्या शुक्रवारनंतर बसमध्ये एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणजे नमस्कार, ख्यालीखुशाली, ऊन फार आहे, एवढं सगळं बोलायच्या. गोष्ट नाही. त्यांनी मला वाटेच्या कडेची जागा दिली आणि स्वतः खिडकीत बसून पोरांच्या चाचणीचे पेपर तपासायला लागल्या. चौकटीच्या वहीत आता खरोखर गणितं असायची. एकदा नर्सबाई मला म्हणाल्या, "तुमी तं मराठीच्या ना, मॅडम. तुमी सांगा काही." मी सांगितलं. दुसऱ्या फाट्यापर्यंत सगळ्यांच्या कानात इयरफोन गेले होते. पुष्पा मॅडम तेवढ्या पेपर बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत होत्या. "आज चांगली झाली," उतरताना त्या म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी एक कानफटात दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

रान मोकळं झालं होतं, आणि त्यात मला पेरता येत नव्हतं. त्यांची जागा रिकामी केली की ती आपोआप आपली होईल, असं मला कुठंतरी वाटलं असावं. झालं एवढंच की सव्वानऊच्या बसमध्ये आता कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, आणि ते मी केलं होतं. मला माहीत होतं. त्यांना माहीत आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. असं दीड वर्ष आम्ही मांडीला मांडी लावून प्रवास केला. मग ऑनलाइन बदल्या झाल्या आणि त्यांना लोणारकडची शाळा मिळाली. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण मीच केलं. चांगलं झालं, सगळे म्हणाले.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या. मी एका परीक्षेच्या कामासाठी मेहकरला गेले होते. दुपारी परतीच्या बसची वाट बघत स्टँडवर उभी होते, तर समोर लोणारची बस लागलेली आणि खिडकीत पुष्पा मॅडम. केस बरेच पिकलेले. मांडीवर पेपरांचा गठ्ठा. शेजारी एक तरुण बाई, कानात इयरफोन, डोळे मिटलेले. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. त्यांनी काच सरकवली.

"लिहून राह्यल्या ना, मॅडम?" पहिला प्रश्न हाच.

"हो. तुम्ही?"

"मी काय लिहिते." त्या हसल्या. "गोष्टच नाही आली त्याच्यानंतर. सुलीपाशीच अडकली."

ड्रायव्हर वर चढला. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "पुष्पा मॅडम, चंद्रकलाबाईंना मी—"

"माहीत हाय," त्या म्हणाल्या. "मधात एकच दिवस मोकळा ठेवला होता, आन् त्या दिवशी मायी वही पाह्यलेलं मानूस बशीत एकच होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या गणित सोडवून दाखवत होत्या. "थे मले त्याच दिवशी समजलं. काऊन सांगितलं, थे मात्र अजून जुळत नाही. लय डोकं लावलं. चंद्रकलाबाईची कीव आली म्हनाव तं तसं नाही वाटत. तुमाले काय पाह्यजे होतं, मॅडम? तुमच्यापाशी तं सारंच होतं."

इंजिन सुरू झालं. मी शाळेत, सभेत, घरीसुद्धा पुस्तकी बोलणारी बाई. त्या वेळी तोंडातून जे आलं ते माझ्या आईच्या भाषेत आलं. "जळून राह्यली होती मी," मी म्हणाले. "तुमच्यावर."

"मायावर?"

त्यांनी ते खरंच कधी हिशेबात धरलं नव्हतं. इतक्या वर्षांत, इतक्या माना वाचून, शेजारच्या बाकावरची एवढी मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.  मी माफी मागणार होते, पण त्यांचं माझ्या माफीकडं लक्ष नव्हतं. गोष्ट सापडली की व्हायचे तसे त्यांचे डोळे बारीक झाले. बस मागं सरकायला लागली. त्यांनी मांडीवरचा पेपरांचा गठ्ठा उचलून पिशवीत कोंबला.

बस वळण घेत असताना मी बघितलं. पुष्पा मॅडम खिडकीकडं पाठ करून शेजारच्या बाईकडं वळल्या होत्या आणि काहीतरी बोलत होत्या, बेताच्याच आवाजात असणार, कारण ती बाई जरा पुढं वाकली. तिनं एका कानातला इयरफोन काढला. मग दुसराही. कुणाचं नाव घेऊन त्यांनी सुरुवात केली, की अजून नाव दिलंच नव्हतं, मला ऐकू आलं नाही. पुष्पा मॅडमचा मी इतकी वर्षं हेवा केला. पण स्टँडच्या फाटकातून बस बाहेर पडली तेव्हा ती गोष्ट ऐकणाऱ्या त्या अनोळखी बाईचा जेवढा वाटला, तेवढा त्यांचा कधीच वाटला नव्हता.